चौदाव्या पानावरची तारीख

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मंदाकिनी कर्णिक पडद्यावरचे चार आकडे कागदावर उतरवून घेत आहेत. ठाणे ६१ टक्के, डोंबिवली ५४, कल्याण ७८, आंबिवली ३३. एका निदान केंद्राच्या या चार शाखा. तिथे निघणारे सगळे एक्स-रे आणि सीटी स्कॅन या मजल्यावरच्या दोन लोखंडी कपाटांतल्या डिस्कवर साठतात. केंद्रं उघडायच्या आधी कपाटं किती भरली ते पाहायचं, नको ते पुसायचं, हवं ते जपायचं, हे मंदाकिनीबाईंचं काम. चौदा वर्षं त्या ते करत आहेत.

पडद्यावर डाव्या हाताला सॉफ्टवेअरची यादी आहे. साठा, कप्पे, प्रती, अहवाल, आणि सगळ्यांत खाली कमांड विंडो, माउसऐवजी हुकूम टाइप करून द्यायची जागा. वरची चार नावं काळी आहेत. पाचवं फिकट राखाडी आहे, आणि त्यावर माउस नेऊन कितीही क्लिक केलं तरी काही उघडत नाही. शनिवार सकाळपासून ते असं आहे. फक्त मंदाकिनीबाईंच्या लॉगिनवर.

त्या छपन्न वर्षांच्या आहेत. १९९० साली कल्याणला बीएस्सी झाल्या, ठाण्याच्या एका औषध कंपनीत डेटा एंट्रीला लागल्या, तिथून सर्व्हर, सर्व्हरवरून स्टोरेज. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर “राहून गेलं” एवढंच सांगतात. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांचे वडील राहतात. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मंदाकिनीबाईसुद्धा.

ऑफिसात त्यांची ओळख एका वहीमुळे होती. दोनशे पानी लाँगबुक, खाकी कव्हर, प्रत्येक पानाला आकडा, प्रत्येक पानावर एक काम. वर निळ्या पेनाने इंग्रजीत कमांड, खाली मराठीत दोन-तीन ओळींची सूचना. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला वही मिळायची. तो फोनवर पानांचे फोटो काढून घ्यायचा आणि तेच त्याचं प्रशिक्षण. वहीत एकही खाडाखोड नव्हती. काही बदललं की बाई पान फाडून नवं लिहायच्या नाहीत आणि खोडायच्याही नाहीत. बदल लक्षात ठेवायच्या. वही नीट दिसावी यासाठी काही गोष्टी तिच्यात जुन्याच राहिल्या होत्या.

चौदाव्या पानावर सरावाच्या प्रती पुसायचं काम होतं. शाखांमधल्या नव्या तंत्रज्ञांना शिकण्यासाठी दर सोमवारी खऱ्या साठ्याच्या प्रती काढून देतात आणि दर बुधवारी त्या पुसतात. माउसने करायचं तर वीस प्रतींना चाळीस मिनिटं लागतात, कारण प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर विचारतं, नक्की पुसायचं का. कमांड विंडोत टाइप केलं तर चार मिनिटांत होतं. तिथेही प्रश्न येतो. पण कमांडच्या शेवटी ‘फोर्स’ हा शब्द जोडला की तो येत नाही, आणि कप्पा वापरात असला तरी पुसला जातो.

२०१४ साली सॉफ्टवेअरची जी आवृत्ती होती तिच्यात एक दोष होता. विंडोत प्रश्न यायचा, पण त्याचं उत्तर टाइप होत नसे. विंडो अडकायची, सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. म्हणून मंदाकिनीबाईंनी चौदाव्या पानावर कमांडच्या शेवटी फोर्स लिहिलं आणि खाली चौकटीत सूचना दिली: ‘हा शब्द लावाच, नाहीतर विंडो अडकते.’ जून २०१९मध्ये नवी आवृत्ती आली, दोष गेला. त्या दिवसापासून बाईंनी स्वतः फोर्स लावणं सोडून दिलं. वहीतली चौकट तशीच राहिली.

प्रिसिला मिस्किटा यंदाच्या जूनमध्ये लागली. तेवीस वर्षांची, ठाण्याला माजिवड्याची, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. ३० नोव्हेंबरच्या आत तिला कायम केल्याचं किंवा न केल्याचं पत्र मिळायचं होतं. पाच महिने तिने बाईंच्या शेजारी बसून काम पाहिलं; बुधवारचं पुसणं मात्र ती यायच्या आधीच बाई उरकत. १२ नोव्हेंबरच्या बुधवारी बाईंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तेव्हा चौदाव्या पानाचं काम तिने पहिल्यांदा एकटीने केलं.

विंडोत नावाची पहिली अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव मशीन भरतं. यादीत जे आधी असेल ते. सात वाजून सोळा मिनिटांनी प्रिसिलाने कल्याणसाठी टॅब दाबलं, मशीनने सरावाच्या प्रतीचं नाव न भरता खऱ्या कप्प्याचं भरलं, तिने नाव न वाचता एंटर मारलं. शेवटी फोर्स होतं. प्रश्न आला नाही. कल्याण शाखेच्या चार वर्षांच्या एक्स-रेंचा कप्पा यादीतून गेला.

दर रविवारी टेपवर प्रत निघते, त्यामुळे चार वर्षांचे एक्स-रे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परत आले. सोमवार आणि मंगळवार, हे दोन दिवस परत येणं शक्य नव्हतं. त्या दोन दिवसांत कल्याणला २१२ जणांचे एक्स-रे निघाले होते. १३१ जण छापील फिल्म घरी घेऊन गेले होते. राहिले ८१.

बुधवारी साडेनऊला मंदाकिनीबाई पोहोचल्या, तेव्हा प्रिसिला पडद्यासमोर उभी होती. बसली नव्हती.

“मॅडम, मी वहीप्रमाणेच केलेलं,” ती म्हणाली.

बाईंनी वही उघडली, चौदावं पान पाहिलं आणि मिटली. “बघू,” त्या म्हणाल्या.

पुढची गोष्ट त्यांनी दुपारी पावणेदोनला केली. सगळे जेवायला खाली गेले होते. चौदाव्या पानावर त्यांनी फोर्स या शब्दावर एक आडवी रेघ मारली, चौकटीवर एक तिरकी रेघ मारली आणि शेजारच्या समासात लिहिलं: ‘नवी आवृत्ती. आता हा शब्द लावू नये. जून २०१९.’ पेन त्याच कंपनीचं होतं. अक्षर तर त्यांचंच. या सगळ्याला मिनिटभर लागलं असेल. त्यानंतर त्या जेवल्या नाहीत. डबा तसाच घरी नेला आणि भाऊंना सांगितलं की दात दुखतोय.

गुरुवारी साडेअकराला चौकशी झाली. तांत्रिक विभागाचे प्रमुख नील सबनीस चौतीस वर्षांचे आहेत. बाईंना ते ताई म्हणतात. त्यांनी वही समोर ठेवून चौदावं पान उघडलं.

“प्रिसिला, इथे तर स्पष्ट लिहिलंय. लावू नये. खोडलेलंसुद्धा आहे. तू कुठलं पान बघून केलंस?”

प्रिसिलाने पानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होत्या.

“माझं लक्ष नसेल, सर,” ती म्हणाली.

“लक्ष नसेल म्हणजे? चार वर्षांचा डेटा आहे, गं. ताई, तुम्ही हिला सांगितलेलं ना?”

“वहीत आहे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

ते वाक्य खोटं नव्हतं. बाईंना आता सगळ्यात जास्त तेच आठवतं.

प्रिसिलाच्या लॉगिनवरची कमांड विंडो बंद करण्यात आली. ८१ जणांना फोन करायचं काम तिला देण्यात आलं. तिचं टेबल बाईंच्या टेबलाला लागून आहे, मध्ये आडोसा नाही. शुक्रवार, शनिवार, सोमवार. तीन दिवस बाई आपले आकडे उतरवत होत्या आणि कानावर शेजारचं पडत होतं.

“हॅलो, काका, एक्स-रे सेंटरमधून बोलतेय. तुमचा परवाचा एक्स-रे परत काढावा लागेल. नाही नाही, तुम्हाला काही झालेलं नाही. आमच्याकडून गेला तो... गेला म्हणजे, पुसला गेला. हो, सॉरी.”

“सॉरी बोलून काय होतं? मी दोन रिक्षा बदलून आलेलो.”

“हो काका.”

“तुमच्यात कोणी शिकलेलं आहे की नाही?”

“हो काका. सॉरी.”

फोन स्पीकरवर असायचा, कारण एका हाताने ती यादीवर खुणा करत असे. एकदा बाईंनी तिला स्पीकर बंद करायला सांगितलं. तिने केला. मग फक्त तिचंच बोलणं ऐकू येऊ लागलं, आणि ते जास्त वाईट होतं. पुढच्या फोनला बाईंनी स्वतःच म्हटलं, “राहू दे, चालू ठेव.”

आंबिवलीच्या गोदूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांना छातीचा एक्स-रे काढायचा होता आणि त्या दिवशी आंबिवली शाखेतलं मशीन बंद होतं, म्हणून त्या सोमवारी कल्याणला आल्या होत्या.

“परत? अगं पोरी, त्या थंडगार पाटीला छाती लावून उभी राहिले, श्वास धर म्हणाले, धरला. आता तो कुणी सोडला?”

प्रिसिला हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. “आम्हीच सोडला, आजी.”

“मशीन बिघडलं होतं का?”

“नाही आजी. माणसाची चूक.”

“कुणाची?”

“माझी.”

“बरं. येते शुक्रवारी. तू असशील तिथे?”

“मी मानपाड्याला असते, आजी.”

“मग तुला शिव्या कशा देऊ? फोनवर नाही जमत मला.”

मंदाकिनीबाई उठून कपाटांच्या खोलीत गेल्या. तिथे पंख्यांचा आवाज मोठा असतो. बारा मिनिटं त्या तिथे उभ्या होत्या. दाराच्या कार्डावर वेळेची नोंद होते, म्हणून मिनिटं माहीत आहेत.

वही ऑफिसात ठेवणं त्यांना नकोसं झालं. सोमवारी संध्याकाळी त्या ती घरी घेऊन आल्या. दिवाळी झाली की वहीला नवं खाकी कव्हर घालायचं काम भाऊंचं. भाऊ तीस वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे नकाशे काढायचे, ट्रेसिंग पेपरवर, शाईने. ब्लेडच्या टोकाने शाईची रेघ खरवडून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं ते स्वतःच सांगतात.

त्यांनी जुनं कव्हर काढलं, वही सवयीने चाळली आणि चौदाव्या पानावर थांबले. पान दिव्याखाली धरलं.

“तू कधीपासून खोडायला लागलीस?”

“एक बदल होता, भाऊ.”

“कधीचा?”

“लिहिलंय ना तिथे.”

“लिहिलंय ते वाचलं. शाई कधीची आहे ते विचारतोय.” भाऊंनी पान मंदाकिनीबाईंकडे वळवलं. “वरची ओळ बघ, तपकिरीकडे झुकली आहे. समासातलं अजून निळंच्या निळं. ही शाई आठवड्याचीही जुनी नाही.”

मंदाकिनीबाई चहाचे कप उचलून आत गेल्या. परत आल्या तेव्हा भाऊ कव्हरची घडी घालत होते.

“नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो,” ते म्हणाले. “दुरुस्ती काय केली आणि कधी केली. दुरुस्ती कितीही उशिरा करा, चालतं. तारीख मात्र ज्या दिवशी हात लावला त्या दिवसाची. आमच्याकडे एकाने मागची घातली होती. शाफ्ट तुटला, तेव्हा तो म्हणाला, मी तर आधीच दुरुस्त केलं होतं, वर्कशॉपने बघितलं नाही.”

“मग?”

“मग काय. शाफ्ट कातणारा टर्नर घरी बसला.” भाऊंनी वही बाईंच्या हातात दिली. “कव्हर घट्ट बसलंय का बघ.”

कोणाबद्दल बोलताय, असं बाईंनी विचारलं नाही. भाऊंना प्रिसिलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

गुरुवारी, २० तारखेला, प्रिसिलाला अहवालाची एक कमांड हवी होती. तिची विंडो बंद होती, म्हणून ती सांगणार आणि बाई टाइप करणार होत्या. वही घरी आहे म्हटल्यावर तिने फोन काढला आणि पानांचे फोटो उघडले. सोळावं पान शोधताना बोट सरकलं आणि चौदावं पडद्यावर आलं. फोर्स शब्दावर रेघ नव्हती. चौकट स्वच्छ होती. समास कोरा होता. वर तारीख दिसत होती, ९ जून २०२५.

दोघींनी ते पाहिलं. प्रिसिलाने बोट सरकवलं. “हे सोळावं, मॅडम,” ती म्हणाली आणि कमांड वाचून दाखवू लागली. बाईंनी ती तीनदा चुकीची टाइप केली.

आठ दिवस हा फोटो तिच्या खिशात होता. चौकशीच्या खोलीतही होता.

शुक्रवारी बाई बोलल्या नाहीत. ते त्या लपवत नाहीत. शुक्रवारी त्या दोनदा नील सबनीस यांच्या दारापर्यंत गेल्या. एकदा ते फोनवर होते, एकदा नव्हते. संध्याकाळी एक मेल सगळ्या विभागप्रमुखांना गेला, त्यात बाईंचंही नाव होतं. प्रिसिला मिस्किटा हिला कायम न करण्याचं पत्र सोमवारी निघणार होतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला त्यांनी वही सबनीसांच्या टेबलावर ठेवली, चौदावं पान उघडून.

“ही रेघ मी बारा तारखेला दुपारी मारली,” त्या म्हणाल्या. “समासातलंही तेव्हाच लिहिलं. प्रिसिलाने काम केलं तेव्हा तिथे फोर्स लावा असंच होतं.”

सबनीसांनी वही आपल्याकडे ओढली. “ताई, तुम्ही काय बोलताय कळतंय ना तुम्हाला?”

“हो.”

“पण नाव तिने वाचलं नाही, हे तर खरंच आहे.”

“ते खरं आहे. ती तिची चूक. पण प्रश्न आला असता तर त्यात पूर्ण नाव दिसलं असतं.” बाई थांबल्या. “२०२०मध्ये मीही असंच टॅब दाबून ठाण्याचा कप्पा पुसायला निघाले होते. मी फोर्स लावत नव्हते, म्हणून प्रश्न आला. नाव वाचलं आणि नाही म्हटलं. कुणाला सांगितलं नाही. तेव्हासुद्धा वहीत बदल केला नाही.”

“का?”

“पान खराब झालं असतं.”

हे वाक्य बोलून झाल्यावर ते किती क्षुल्लक आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं, असं त्या सांगतात. सबनीस हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी बाईंच्या समोरच सॉफ्टवेअर उघडलं, वापरकर्त्यांच्या यादीत त्यांचं नाव शोधलं आणि कमांड विंडोपुढची खूण काढून टाकली. पडद्यावर काय होतंय ते बाईंना दिसत होतं. चौदा वर्षांपूर्वी तीच खूण त्यांनी स्वतः लावली होती.

“तीन महिने,” सबनीस म्हणाले. “फक्त बघायचं. पुढचं वरचे ठरवतील. आणि प्रिसिलाला तुम्ही सांगायचं. मी नाही.”

प्रिसिला डबा धूत होती. बाईंनी बेसिनपाशीच सांगितलं, एका दमात.

“हां,” ती म्हणाली आणि नळ बंद केला. “मम्मी रोज बोलत होती, फोटो दाखव, फोटो दाखव. तिला मी बोलले, दाखवते.”

“मग दाखवला का नाहीस?”

“भीती वाटली. मी काल आलेली, तुम्ही चौदा वर्षांच्या. फोटो एडिट केला बोलले असते तर?” तिने डबा झटकला. “आणि मला वाटलेलं तुम्ही सांगाल. पहिल्या दिवशी वाटलेलं. मग फोन करताना रोज वाटायचं, आज सांगतील. शेवटी शेवटी नाही वाटलं.”

“प्रिसिला, माझं...”

“मॅडम, सॉरी नका बोलू. मी ऐंशी वेळा बोललेय, मला आता तो शब्दच नको.”

“एक्क्याऐंशी,” बाई म्हणाल्या.

“ऐंशीच. गोदूबाईंनी बोलू दिलं नाही.”

ती हसली नाही. डबा पुसून ती निघून गेली.

गोदूबाई शुक्रवारी २१ तारखेला येऊन दुसऱ्यांदा एक्स-रे काढून गेल्या होत्या. ८१ पैकी ७६ जण आले. पाच जणांनी यायला नकार दिला.

प्रिसिलाचं पत्र सोमवारी बदललं. ती कायम झाली, तिची विंडो उघडली. फोन कोणी केले, माफी कोणी मागितली, हे मात्र आता मागे घेता येण्यासारखं नव्हतं. चौदाव्या पानावर बाईंनी रेघ आणि समासातला मजकूर तसाच ठेवला आहे. त्याखाली एक ओळ वाढली आहे: ‘वरची दुरुस्ती १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केली. वरची तारीख खोटी आहे. मं. कर्णिक, २२ नोव्हेंबर २०२५.’ वही पुन्हा टेबलावर असते. नवीन आलेल्या आर्यनने आज पानांचे फोटो काढले. चौदाव्या पानाचाही काढला. वाचला आणि वर पाहिलं. बाईंनी मान खाली घातली नाही, पण आकडे उतरवताना कल्याणच्या ७८चे ८७ लिहिले आणि मग खोडून दुरुस्त केले.

उद्या बुधवार, २६ नोव्हेंबर. सात वाजून दहा मिनिटांनी सरावाच्या वीस प्रती पुसायच्या आहेत. विंडो प्रिसिलाच्या लॉगिनवर उघडेल, कमांडच्या शेवटी फोर्स नसेल, प्रश्न वीस वेळा येईल. प्रत्येक नाव मागे खुर्चीत बसलेल्या मंदाकिनी कर्णिक मोठ्याने वाचतील आणि मगच प्रिसिला उत्तर टाइप करेल. कामाच्या नोंदीत दोन सह्यांच्या जागा आहेत. बाईंची दुसरी.